हलविलेल्या माणसांचा हिशेब

सन १८९७ च्या मार्च महिन्यांत गोऱ्या शिपायांच्या तुकड्या पुण्याच्या पेठांतून घरोघर हिंडूं लागल्या. ज्या शत्रूचा त्या शोध करीत होत्या तो डोळ्यांना दिसणारा नव्हता. प्लेगचा रोगी सांपडला कीं त्याची रवानगी संगमाजवळच्या इस्पितळांत होई, आणि घरांतील धडधाकट माणसांना स्वारगेटच्या छावणींत नेऊन ठेवीत. रँडसाहेबांच्या कमिटीला सांथ हटवावयाची होती, याविषयीं शंका नको. परंतु छावणींत बसलेल्या कारागिराची रोजची मजुरी बुडे, मागें राहिलेल्या घराची राखण करावयास कोणी नसे, आणि स्त्रियांची तपासणी परपुरुषांकडून होई. हा खर्च कमिटीच्या वहींत कोठें मांडावयाचा? २२ जून रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, तींत या संतापाचा वाटा मोठा होता.

नवल असें कीं, पुढील सांथींत लोक आपण होऊन गांवाबाहेर झोपड्या बांधून राहूं लागले. स्थलांतर तेंच, पण चूल, भांडीं आणि माणसें एकत्र गेलीं.

अणुवीज-केंद्रांतील अपघाताचा किरणोत्सर्गहि असाच अदृश्य असतो. सोव्हिएत संघांतील युक्रेनांत चेर्नोबिलजवळच्या प्रिप्यात शहरांतील सुमारें ४९,००० लोकांना २७ एप्रिल १९८६ रोजीं तीन दिवसांपुरतें म्हणून बाहेर काढलें. तें शहर पुन्हां वसलेंच नाहीं. जपानांत ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर फुकुशिमा केंद्र बिघडलें, आणि दुसऱ्या दिवशीं २० किलोमीटरांचा प्रदेश रिकामा करण्याचा हुकूम सुटला. अंथरुणास खिळलेले म्हातारे बसगाड्यांतून तासन्‌तास हिंडविले गेले. कित्येक वाटेंतच दगावले. त्या प्रांतांत आपत्तीनंतरच्या हालअपेष्टांनीं मेलेल्यांची सरकारी नोंद २,३०० च्या वर गेली आहे. लाटेनें व भूकंपानें तेथें बळी घेतले त्यांहून ही संख्या अधिक! हुकूम चुकला असें यावरून म्हणतां येत नाहीं. तो काढतांना रुग्णांच्या गाडीची, औषधाची, सोबतीची तजवीज नव्हती, एवढें मात्र खरें.

भरपाईनें नवेंच भांडण लावलें. हद्दीच्या आंतील माणसाला दरमहा एक लाख येन मिळत. हद्दीबाहेरच्या शेजाऱ्याचें पीकहि कोणी घेईना, पण त्याला ती रक्कम नव्हती. मुलांना घेऊन आई दूर गांवीं, बाप कामासाठीं मागें, अशीं घरें दुभंगलीं.

महाराष्ट्रांत तारापूरला १९६९ पासून अणुवीज निघत आहे. तेथील किनाऱ्यावरचा कोळी घर सोडील तेव्हां होडी, जाळें आणि हंगाम हींहि सोडील. त्याची नोंद कोणत्या वहींत होणार, तें अपघातापूर्वींच ठरवावें लागेल. फुकुशिमाजवळच्या नामिए गांवाच्या कांहीं भागाचा हुकूम ३१ मार्च २०१७ रोजीं उठला. परतलीं तीं बहुतेक वयस्क माणसें. मुलांच्या शाळा तोंवर दुसऱ्याच गांवांत झाल्या होत्या.