ठेव ठाऊक कुणाला?

पिढ्यान् पिढ्या पुंजी टिकवायची तर क्रिप्टो बरं की सोनं, ठेवी, पोस्ट बरं, असा विषय मला दिलाय. वेळ मोजका आहे, म्हणून बिटकॉइन म्हणजे काय हे सांगत बसत नाही. पैठणच्या बसस्टँडवर चहा पिणारी पोरंसुद्धा ते माझ्यापेक्षा बरं सांगतील. मला विचारायचंय ते वेगळंच. तुमची पुंजी कुठे आहे, किती आहे, हे तुमच्याखेरीज घरात कुणाला ठाऊक आहे का?

पैठणकराला झोपेतून उठवून विचारा, नाथसागरात पाणी किती? टक्केवारी दशांशासकट सांगेल. वरून आवक किती क्युसेक, डाव्या कालव्याला पाणी सुटलं का, सगळं तोंडपाठ. आणि त्याच घरातल्या पुंजीचा साठा किती, हे त्याच्या बायकोला विचारा. "ह्यांनाच माहीत." संपलं.

धरणाचं निघालंच आहे तर आणखी थोडं. रोज सांगतात ती टक्केवारी जायकवाडीच्या, म्हणजे याच नाथसागराच्या, जिवंत साठ्याची, सुमारे 76 टीएमसीची. त्याच्याखाली 26 टीएमसी मृतसाठा असतो, तो टक्क्यांत धरत नाहीत. पाऊस दगा देतो, टक्का शून्यावर येतो, तेव्हा संभाजीनगर आणि जालन्याची तहान त्या तळच्या पाण्यावरच भागते. घरातही असा तळचा साठा असतो. पोस्टातली रक्कम, पीपीएफ, घरच्या बाईच्या अंगावरचं सोनं, गावाकडची दोन एकर. तो वाढतो सावकाश. पीपीएफचा दर 2020 पासून 7.1 टक्क्यांवर बसलाय. त्यात महागाई. नाथसागर पसरट, उथळ. वैशाखात वाफ होऊन किती पाणी उडून जातं ते आपण बघतोच. पैशाचंही तसंच उडतं, दिसत नाही एवढंच. हे मी नाकारत नाही.

म्हणून पोरं म्हणतात, काका, तुमचं पाणी आटतंय, आमच्याकडे पूर आलाय. आलाय खरा. 2021 च्या नोव्हेंबरात एक बिटकॉइन 69 हजार डॉलरच्या घरात होता. वर्षभरात 16 हजारांच्या आसपास आला. 2024 च्या डिसेंबरात त्याने लाख ओलांडला. धरणाचे सत्तावीस दरवाजे उघडले की आपण सगळे पुलाकडे बघायला धावतो, तसलं हे दृश्य आहे. बघा की. पण तिकडे सोडायचं ते सांडव्यावरून गेलं तरी घर कोरडं पडणार नाही एवढंच. मुलीच्या लग्नाचं, म्हातारपणाच्या दवाखान्याचं पाणी तळचं असतं, त्याला दरवाजा नसतो. शिवाय क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे 2022 पासून, आणि एकातला तोटा दुसऱ्या कशातही वळता करता येत नाही. हे पोरं सांगत नाहीत.

असो, माझा मूळ मुद्दा तो नव्हे. माझा मुद्दा वारसाचा.

बँकेत नॉमिनी असतो. 2025 च्या नोव्हेंबरपासून चार जणांची नावं लावता येतात. दहा वर्षं खात्याला कुणी हात लावला नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, तरी वारस कागद घेऊन आला तर परत मिळतात. अशा ठेवी शोधायला 'उद्गम' नावाचं पोर्टलच काढलंय. उशीर होईल, चपला झिजतील, पण दार आहे. स्वतःच्या वॉलेटमधल्या बिटकॉइनला बारा नाहीतर चोवीस शब्दांची किल्ली असते. ते शब्द गेले की तहसीलदार, कोर्ट, वारस दाखला, कशाचा म्हणून उपयोग नाही. कॅनडातल्या क्वाड्रिगा नावाच्या क्रिप्टो बाजाराचा तरुण मालक 2018 च्या डिसेंबरात आपल्या जयपूरला वारला. पासवर्ड एकट्या त्यालाच माहीत होते, असं ग्राहकांना सांगण्यात आलं. पुढे तिथल्या नियामकाने तपास केला तर त्याने आधीच लोकांचा बराचसा पैसा उडवलेला निघाला. म्हणजे किल्लीही गेली आणि तिजोरीतलंही.

आता आपल्या घरचं उदाहरण. नाशिकजवळ गोदेकाठी जोगलटेंभी आहे. तिथे 1906 साली तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. क्षत्रप नहपानाची नाणी, आणि त्यातल्या बहुतेकांवर आपल्या पैठणच्या गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला. राजा बदलला, चांदी तीच राहिली. सोन्या-चांदीचा हा गुण मान्यच करायला हवा. पण मला दिसतो तो ती नाणी पुरून ठेवणारा माणूस. त्याने कुणाला सांगितलं नाही, किंवा ज्याला सांगितलं तो उरला नाही. अठराशे वर्षं पुंजी अगदी सुरक्षित राहिली! घरच्यांच्या कामी मात्र एक नाणं आलं नाही.

त्याच नहपानाचा जावई उषवदात. नाशिकच्या लेण्यात त्याचा लेख आहे. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी वगैरे त्याने तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमचे ठेवले. पैठणच्या विणकरांनी कान टवकारावेत, त्या काळी बँक म्हणजे तुमचीच जमात. दोन हजार महिना एक टक्क्याने, हजार पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आणि मला भावतं ते पुढचं. हे सगळं नगरसभेत ऐकवलं, दप्तरात नोंदवलं, आणि वर खडकात कोरून ठेवलं. रक्कम किती, कुणाकडे, दर काय, कुणासाठी. दोन हजार वर्षांनी मी ते आकाशवाणीवरून सांगू शकतो, आणि तुमच्या मुलाला तुमच्या एफडीची पावती कुठल्या डब्यात आहे ते सांगता येत नाही.

खाजगीत ठेवलेल्या पैशाचं काय होतं ते आपल्या तालुक्याला सांगायला नको. जमिनीच्या मोबदल्याचे पैसे 'तीस-तीस' नावाच्या खाजगी योजनेत घालून अडकलेले लोक बिडकीनच्या आसपास आहेत. तिकडे पुण्यात 2018 मध्ये गेनबिटकॉइन नावाच्या योजनेचे गुन्हे दाखल झाले. महिना दहा टक्क्यांचं आमिष, दीड वर्षभर! अहो, उषवदाताला एक टक्का मिळत होता. आणि हेही ऐका, बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट पतसंस्थेला तो नाही. क्रिप्टोला तर नाहीच.

तेव्हा करायचं काय, ते सांगतो. एक वही करा. खाती, शाखा, नॉमिनी, विमा पॉलिसी, सराफाच्या पावत्या, सातबारा. क्रिप्टो असेल तर कुठल्या ॲपवर, कुठल्या नंबरवर. ते बारा शब्द वहीत नकोत, मोबाइलमधल्या फोटोत तर मुळीच नकोत. वेगळ्या पाकिटात, आणि पाकीट कुठे आहे ते वहीत. आणि वडील गेले की मुलं पहिलं काम काय करतात? त्यांच्या नंबरचा रिचार्ज बंद. दोनशे रुपये वाचतात. काही महिन्यांनी तो नंबर भलत्याच माणसाच्या खिशात वाजतो, आणि ओटीपी तिकडे जातो. हिशेब पुरा होईपर्यंत तो नंबर जिवंत ठेवा बाबांनो.

बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही सांगायचं होतं. त्याने पैसे घ्यायचे ते सगळ्या वारसांच्या वतीने, आणि यावरून भावाभावांत जे काही... काचेपलीकडून हात दाखवताहेत. मृत्युपत्राचं राहिलंच. पुन्हा बोलावलं तर त्यावर बोलू.