ट्रकच्या इंजिनाची ओळख



ज्या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय आणि अर्थसंकल्प ऐकता, तेथे युनियनच्या माणसाने ट्रकच्या इंजिनावर बोलावे, हे पंगतीत पानावर पाना वाढल्यासारखे आहे. व्यवस्थापकांना मी तसे म्हणालोही. ते म्हणाले, "पिंपरी-चिंचवडात इंजिनावर न जेवणारे घर दाखवा." मग माझे तोंड बंद झाले. माझे शिक्षण सातवीपर्यंत; पुढचे गाडीखाली पडून आणि रात्री शब्दकोश उशाशी घेऊन झाले. तेव्हा चुकभूल पदरात घ्यावी.

ट्रकला दोन नावे असतात, हे पहिल्यांदा ध्यानात घ्यावे. तोंडावर १२१०, १६१२, ४०७ असा आकडा असतो. तो गाडीचा. १६१२ म्हणजे मालासकट वजन सुमारे सोळा टन आणि ताकद सुमारे एकशेवीस घोड्यांची. ही रीत जर्मन. टेल्कोने १९५४ साली डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक काढले. तो करार १९६९ मध्ये संपला, बॉनेटवरचा तारा गेला, पण आकड्यांची रीत राहिली. १९६६ मध्ये कंपनी पुण्याला आली आणि १९८६ साली आपल्या पिंपरीतून 'चारशे सात' निघाली, ती तर घरोघरी ठाऊक आहे.

इंजिनाचे नाव मात्र निराळे. ६९२, ६९७, ४९७. पहिला आकडा सिलिंडर किती ते सांगतो, पुढचे दोन सिलिंडरचा व्यास किती मिलिमीटर ते. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, व्यास ९७. ४०७ मध्ये ४९७ बसे, म्हणजे तेच सत्त्याण्णव, फक्त चार. ही गुरुकिल्ली मला वस्तादाने दिली तेव्हा मी रस्त्यात भेटेल त्याला सांगत सुटलो होतो! पण पुढे घोटाळा झाला. १६१३ या एकाच नावाच्या काही गाड्यांत ६९७ चे टर्बो इंजिन असे, काहींत कमिन्सचे, १०२ व्यासाचे. कमिन्सच्या त्या ब्लॉकमध्ये मुळात वेगळा लायनर नसतोच. "सोळाशे तेराचे लायनर द्या" असे दुकानात म्हणणारा म्हणूनच निम्मेच बोलत असतो.

आणि ही दोन्ही नावे बरोबर असूनही एक तिसरी गोष्ट राहते. ती मला १९९९ साली कळली.

भोसरीकडच्या एका वाहतूक कंपनीची गाडी खंडाळ्याच्या घाटात जाम झाली. कंपनीचे नाव सांगत नाही. इंजिन ६९७, दोनच महिन्यांपूर्वी बांधलेले. ड्रायव्हरवर आरोप आला की ऑइल न पाहता गाडी चालवली. दुरुस्तीचा खर्च त्याच्या पगारातून कापायचा आणि पुढे बडतर्फी. तो आमचा सभासद. इंजिन ठोकते आहे असे त्याने दोनदा डेपोत सांगितले होते, पण तोंडी. त्याला कागद कोठला?

मी चौकशीत म्हणालो, बेअरिंगे टेबलावर मांडा. क्रँकवर कनेक्टिंग रॉड जेथे धरलेला असतो, तेथे अर्धचंद्रासारख्या दोन पातळ वाट्यांची जोडी बसते. सहा सिलिंडर, सहा जोड्या. पाच जोड्या राखाडी आणि स्वच्छ होत्या. चौथी जळून काळीनिळी. ऑइल संपले असते तर सहाही जोड्यांच्या अंगावर चरे उठले असते. ऑइल काय फक्त चौथ्यावरच रुसले होते?

मग वाट्या उलट्या केल्या. पाठीवर बारीक छाप असतो. पाचांवर ०५०, चौथीवर ०२५. क्रँक झिजला की घासून बारीक करतात, पाव मिलिमीटर, मग अर्धा. क्रँक जितका बारीक तितकी वाटी जाड लागते. हा क्रँक अर्धा मिलिमीटर घासलेला, ग्राइंडिंगच्या बिलावरही तसेच. चौथ्या जागी पावाची वाटी. एकूण फट पाव मिलिमीटरने वाढली, म्हणजे एका पोस्टकार्डाच्या जाडीइतकी. जेथे हिशेब मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्याही आतला असतो, तेथे पोस्टकार्ड म्हणजे खिंडार.

ड्रायव्हर सुटला. कपात रद्द झाली. आम्ही पेढे वाटले, मीही खाल्ले.

आठ दिवसांनी कळले ते असे. इंजिन बांधताना एका जोडीला टोला लागला. फिटरच्या हाताखालच्या मुलाला दुकानात पिटाळले. त्याने "सहाशे सत्त्याण्णवचे बिग एंड बेअरिंग" मागितले. गाडी बरोबर, इंजिन बरोबर. माप सांगायचे असते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. चौकशीच्या दुसऱ्या दिवसापासून त्याला येऊ नकोस म्हणाले. तो कंत्राटदाराचा माणूस, वय एकोणीस. त्याची चौकशी नाही, जबाब नाही. आमच्या सभासदांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. माझ्या मायक्रोमीटरनेच त्याची भाकरी मोजून घेतली. मी त्याला पुष्कळ शोधले, सापडला नाही.

आता नव्या गाड्यांचे थोडे सांगतो. पूर्वी धूर साक्ष देई. काळा असेल तर नोझल किंवा हवेची जाळी पाहावी, निळा असेल तर रिंगा, पांढरा हटत नसेल तर हेड गॅस्केट. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. काजळी धुराड्याकडच्या गाळणीतच अडते. हवा सुधारली, हे चांगलेच झाले. पण साक्षीदार गेला. गाळणी तुंबते ती चाकणच्या कोंडीत रांगत चालणाऱ्या गाडीची, आणि बोलणी खातो ड्रायव्हर.

एक गोष्ट मात्र घरी जाऊन आपल्या पोरांना जरूर सांगा. जुना मिस्त्री इंजिन चालू ठेवून नोझलच्या पाइपाचे नट एकेक ढिले करी. ज्या नटाने आवाज बदलला नाही तो सिलिंडर मेलेला. मीही तसेच शिकलो. जुन्या पंपाच्या नोझला साधारण दोनशे बारवर उघडत. कॉमन रेलच्या इंजिनात दाब दीड हजाराच्याही वर असतो. तेथे नट ढिला केला तर डिझेलची धार कातडीतून आत शिरते. टाचणीएवढे भोक दिसते, दुखतही नाही फारसे, आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात जातो. मलमपट्टीवर भागवू नका, सरळ इस्पितळ गाठा आणि आत डिझेल गेले आहे असे स्पष्ट सांगा.

रविवारी सकाळी मी निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत मोडके भाग घेऊन बसतो. मुले येतात, युनियनची पावती विचारत नाही. आजही थोडे सामान आणले आहे. त्या टेबलावर सहा जोड्या आहेत. एकीचे माप वेगळे आहे. चष्मा लावून या, उलट्या करून पाहा. हाताला तेल लागेल, शेजारी चिंधी ठेवली आहे.