जे. पी. गावित आणि वनपट्ट्यावरचं आपलं नाव

खेड, आंबेगाव, जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी, ठाकर घरांतल्या कितीतरी जणी कामासाठी चाकणकडे येतात. गावाकडं मात्र वनजमिनीचा प्रश्न असतोच. म्हणून आज एका आदिवासी नेत्याची ओळख करून घेऊ.

जिवा पांडू गावित नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याचे, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. १९७८ साली ते पहिल्यांदा आमदार झाले. पुढं एकूण सात वेळा निवडून आले. २००९ आणि २०१९ ला कळवणमधून हरलेही. पण मागणी सोडली नाही: कसणाऱ्याच्या नावावर वनजमीन व्हावी.

वनहक्क कायदा २००६ चा. तरी दावे पडूनच राहिले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला किसान सभेचा लाँग मार्च निघाला. गावित त्याच्या पुढाऱ्यांत होते. सुमारे १८० किलोमीटर चालून बायांच्या पायांना फोड आले. दहावीच्या मुलांची परीक्षा अडू नये म्हणून शेवटचा टप्पा सगळे रात्रीच चालले. १२ मार्चला सरकारनं लेखी आश्वासन दिलं. तरीही २०२३ ला पुन्हा चालावं लागलं.

आता आपलं काम. कायद्यानं विवाहितांचा वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. गावच्या वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया लागतात. येत्या ग्रामसभेत गटानं मिळून विचारा: आमच्या गावच्या दाव्यांचं काय झालं? आणि पट्टा हाती आला की आधी आपलं नाव वाचा.