तेरावा महिना

(विद्यापीठाच्या समाजसेवा फेलोशिपसाठी निवड झालेल्या विद्यार्थ्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



तुमचे अभिनंदन सकाळपासून बऱ्याच जणांनी केले आहे, म्हणून मी ते लवकर आटोपते. काल रात्री तुमचे प्रस्ताव वाचले. शिवणवर्ग, कापडी पॅड तयार करणारा बचत गट, मुलींसाठी अभ्यासिका, एक सल्ला केंद्र. सगळ्यांत बारा महिन्यांचा तक्ता आहे. तेरावा महिना कोणीच लिहिलेला नाही. आपल्याकडे तेरावा महिना दुष्काळातच येतो म्हणतात. वस्तीतल्या बाईसाठी तो फेलोशिप संपल्यावर येतो.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मलाही अशीच फेलोशिप मिळाली होती. एका वस्तीत बालवाडीच्या खोलीत दर मंगळवारी दुपारी मी बायांसाठी सल्ला केंद्र चालवायचे. सुरुवातीला बाया यायच्या त्या रेशनकार्डाचे विचारायला. कुणाचा दाखला, कुणाचे विजेचे बिल. 'नवरा मारतो' हे वाक्य एकीच्या तोंडून निघायला आठ महिने लागले. खाणावळीत पोळ्या लाटायची ती. मी तिला म्हटले, "काही झाले तर मंगळवारी ये, मी असतेच."

मार्चअखेर फेलोशिप संपली. अहवालात 'लाभार्थी 43' असे लिहिले, त्यात ती एक. मला नोकरी लागली. जूनमध्ये तिला घराबाहेर काढले. मंगळवारी ती बालवाडीपाशी आली, तर दाराला कुलूप. पुढच्या मंगळवारीही आली. हे मला सहा महिन्यांनी बालवाडीच्या बाईंनी सांगितले. रागावून नाही, नुसते सांगितले. तोवर ती मुलाला मागे ठेवून माहेरी गेली होती.

विद्यापीठाने मला 'निघताना काय करणार' असे कधी विचारले नाही हे खरे. पण मीही स्वतःला विचारले नव्हते. आणि उत्तर तर समोरच होते. त्या बालवाडीच्या बाईंना वस्तीतले प्रत्येक घर ठाऊक होते. मी त्यांची किल्ली घ्यायची, त्यांच्याकडचा चहा प्यायची. पण अर्ज कसा लिहायचा, पोलीस ठाण्यात काय बोलायचे, वकील कुठे मिळतो, हे त्यांना शिकवले नाही. माझ्या अंदाजपत्रकात माझे मानधन होते, प्रवासखर्च होता, अहवालाची छपाईसुद्धा होती. बाईंच्या नावे एक रुपया नव्हता.

विद्यापीठाने लावलेले काम टिकत नाही असे मात्र नाही. 1983 साली कलम 498अ आले. पुढच्याच वर्षी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. तो संस्थेचा कृती प्रकल्प होता. बाई तक्रार घेऊन जिथे जाते तिथेच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसवायची, अशी साधी कल्पना. 2005 मध्ये राज्य सरकारने ते काम आपल्या व्यवस्थेत घेतले आणि हे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. मधली वर्षे मोजा, एकवीस होतात. त्या काळात किती विद्यार्थी आले, गेले. पण टेबल तिथेच राहिले, म्हणून बाईला कुणा एका ताईची वाट पाहावी लागली नाही. तुमच्याकडे एकवीस वर्षे नाहीत, बारा महिने आहेत. मग तुमचे टेबल कोण सांभाळणार, हे पहिल्या महिन्यातच ठरवावे लागेल.

आता तुमच्या सामाजिक उद्योजकतेबद्दल. शब्द भारदस्त आहे, माझी तक्रार नाही. पण पॅडचा गट असो की शिवणाचा, मी दोनच गोष्टी विचारीन. बँकेच्या खात्यावर सह्या कोणाच्या? आणि एका नगाचा शिलाईदर कोणी ठरवला? प्रस्तावात बायांना 'उद्योजिका' म्हटले आहे, पण कापड घाऊक कुठून आणायचे आणि उधारी कशी वसूल करायची हे फक्त फेलोला माहीत. अशा बाया उद्योजिका नाहीत, तुमच्याकडे नगावर काम करणाऱ्या कामगार आहेत. तेराव्या महिन्यात त्याही राहणार नाहीत.

मुलींशी थोडे वेगळे बोलायचे आहे. वस्तीत, प्रवासात किंवा संस्थेच्या कार्यालयात कोणी त्रास दिला तर 'ते आमच्या आवाराबाहेर घडले' असे विद्यापीठ म्हणू शकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमांत विस्तारित आवार म्हणून क्षेत्रभेटी, इंटर्नशिप, शिबिरे हे सगळे येते. अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे ते आजच विचारून घ्या. घरी कळले तर फेलोशिप सोडायला लावतील म्हणून गप्प बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्याशी बोलायला समितीतले कोणीही आपणहून आले नव्हते.

चहानंतर गटांत बसू. प्रस्ताव बरोबर आणा. वेळापत्रकाच्या तक्त्याखाली आणखी एक ओळ आखा, तेराव्या महिन्याची. तिथे वस्तीतल्या एका बाईचे नाव लिहा. मग अंदाजपत्रकाकडे वळून तिच्या मानधनासाठी कुठल्या रकमेतून काढायचे ते बघू. छपाईपासून सुरुवात करता येईल.