मीठ-साखरेचे पाणी

आज आपण शास्त्राची एक गोष्ट पाहू. तिला प्रयोगशाळा नको. चूल आणि पातेले पुरे.

पोराला हगवण लागली की आपण म्हणतो, “पाणी देऊ नका, आणखी जुलाब होतील.” हे खरे नव्हे. जुलाबावाटे अंगातले पाणी जाते, मीठही जाते. तोंड सुकते, डोळे खोल जातात. पोर दगावते ते बहुधा यामुळेच.

मग नुसते पाणी का पुरत नाही? आतड्यात साखर आणि मीठ एकत्र आले, की साखर मिठाला रक्तात घेऊन जाते. मिठामागून पाणी जाते.

१९७१ साली बांगलादेशातले निर्वासित पश्चिम बंगालात बनगावला आले. तिथे पटकीची साथ पसरली. सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात घालून पाजायला लावले. १०० रोग्यांत ३० मरत होते, ते ४ च्याही खाली आले!

आता कृती ऐका. १ लिटर पाणी उकळून गार करा. उकळल्याने रोगजंतू मरतात. त्यात चहाचे सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा. मीठ जास्त नको. चव आसवांहून खारट लागू नये. दवाखान्यातली पुडी मिळाली तर तीच बरी.

घोटघोट पाजा. अंगावरचे दूध तोडू नका. पोर पेंगू लागले, पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर दवाखाना गाठा.

आणि शेजारणीलाही हे सांगा.