डायजेस्टरला घाई सोसत नाही

बारडोली, मढी, चलथाण, सायण हा आपल्या सुरत जिल्ह्याचा साखरपट्टा. इथे ऊस तोडायला धुळे-नंदुरबारकडून कोयते येतात. तेव्हा मोलॅसिसपासून अल्कोहोल कसं होतं, हे तुम्हाला सांगायला नको. मला बोलायचंय ते मागे उरणाऱ्या स्पेंटवॉशबद्दल. एक लिटर अल्कोहोलमागे तो 8 ते 15 लिटर निघतो. कढत, आंबट, गडद तपकिरी. ओढ्यात सुटला तर पाण्यातला प्राणवायू संपवतो आणि मासे मरतात.

त्याला पचवतात ते बंद टाकीतले, हवेवाचून जगणारे सूक्ष्मजीव. ही टाकी, म्हणजेच डायजेस्टर, गोठ्यातली म्हैस समजा. म्हशीच्या पोटात मिथेन करणारे जे जीव, त्यांचेच भाऊबंद टाकीत असतात. नवी टाकी सुरू करताना शेणच कालवतात. आता म्हशीला एकदम घमेलंभर धान्य चारलं तर? पोटात आम्ल होतं, ती रवंथ सोडते. टाकीतही तेच. आम्ल करणारे जिवाणू भराभर वाढतात, त्या आम्लाचा मिथेन करणारे सावकाश. पहिल्यांचं काम उरकतं, दुसऱ्यांचं तुंबतं. म्हणून सांगतो, स्पेंटवॉशचा भार हळूहळू वाढवा.

हंगाम लागला की मात्र घाई! महिनोन्महिने उपाशी राहिलेल्या टाकीवर पहिल्याच आठवड्यात पूर्ण लोड. शिफ्टवाला पीएच बघतो, सात आहे म्हणतो आणि निर्धास्त होतो. अहो, पीएच शेवटी पडतो. आधी आम्ल वाढतं, ते झेलणारी अल्कलिनिटी खर्ची पडते, गॅस उतरतो. म्हैस खाली बसल्यावर डॉक्टरला बोलावून काय उपयोग? आम्ल आणि अल्कलिनिटी रोज मोजा, गुणोत्तर चढलं की चारा कमी करा. नुसता चुना ओतून भागत नाही. पुन्हा सांगतो, भार हळूहळू.

नीट सांभाळलेली टाकी बीओडी, म्हणजे पाण्यातला प्राणवायू खाणारी घाण, 80 ते 90 टक्के उतरवते, वर बॉयलरला गॅस देते. रंग मात्र राहतो. तो देणारं मेलॅनॉइडिन टाकीतल्या सूक्ष्मजीवांना दाद देत नाही. लाकूड कुजवणाऱ्या काही बुरशा प्रयोगशाळेत तो फिका करतात, पण त्यांना वेगळी साखर पुरवावी लागते, आणि रोजच्या एवढ्या पाण्याला ती पुरवणं अवघड.

उद्या कामावर गेलात की लॉगबुक उघडा. आम्लाचा रकाना कोरा असेल, तर आधी तो भरा, मगच पंप वाढवा.