फुकट धान्याचा हिशेब

(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



सोलापूरच्या पूर्व भागात सकाळी कोणत्याही गल्लीत शिरले की एक दृश्य हमखास दिसते. घरातली बाई सुपात तेंदूपान आणि तंबाखू घेऊन विड्या वळीत बसलेली असते आणि घरधनी यंत्रमागाच्या पाळीवरून परतलेला किंवा पाळीला निघालेला असतो. या घरात बेकार कोणी नाही. दोघेही राबतात, आणि तरीही महिनाअखेरीस किराणा दुकानदाराच्या वहीत त्यांच्या नावावर उधारी चढलेली असते. दारिद्र्य हे आळसाचे फळ आहे असे मानणाऱ्या अर्थपंडितांनी एकदा साखर पेठेतून पायी फेरफटका मारून यावे. येथील गरीब हा काम करणारा गरीब आहे. त्याच्या मजुरीत जे भागत नाही ते भागविण्याचे एक मोठे साधन म्हणजे रेशनचे धान्य.

या साधनाचे काय झाले, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे. १ जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारने अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य फुकट केले आणि १ जानेवारी २०२४ पासून ही योजना आणखी पाच वर्षांसाठी चालू ठेवली. या निर्णयाचा गाजावाजा पुष्कळ झाला. परंतु फुकट धान्याच्या घोषणेबरोबरच आणखी एक गोष्ट घडली, तिचा मात्र फारसा उच्चार झाला नाही. करोनाच्या साथीत, एप्रिल २०२० पासून, मधला काही महिन्यांचा खंड सोडता, दर माणशी महिना ५ किलो जादा धान्य मिळत होते. ते डिसेंबर २०२२ अखेर बंद झाले.

आता साधा हिशेब मांडू. २०१३ च्या कायद्याने प्राधान्य गटातील कुटुंबाला माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला. दर तांदळाला ३ रुपये, गव्हाला २ रुपये आणि भरड धान्याला १ रुपया. पाच माणसांचे घर घ्या. माणशी ३ किलो गहू आणि २ किलो तांदूळ धरले तर २५ किलोंचे ६० रुपये होत. साथीच्या काळात या २५ किलोंवर आणखी २५ किलो फुकट मिळत होते. जानेवारी २०२३ पासून घराचे ६० रुपये वाचले आणि २५ किलो धान्य गेले. हे गेलेले धान्य खुल्या बाजारातून किलोला अवघ्या ३० रुपयांनी आणायचे म्हटले तरी ७५० रुपये पडतात. म्हणजे ज्या निर्णयाचा डांगोरा दान म्हणून पिटला गेला, त्याने या घराच्या महिन्याच्या खर्चात ६९० रुपयांची भर घातली.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, जादा धान्य साथीपुरतेच होते; साथ सरली, ते थांबले, यात अन्याय कोणता? आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परंतु मुळात माणशी ५ किलो पुरेसे होते काय, हा त्याआधीचा प्रश्न आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०११-१२ च्या फेरीत माणशी महिन्याचा धान्याचा खप ग्रामीण भागात सुमारे ११ किलो आणि शहरी भागात सुमारे ९ किलो आढळला होता. अंगमेहनत करणाऱ्याची भूक या सरासरीहून कमी असण्याचे कारण नाही. म्हणजे कायद्याने दिलेले ५ किलो ही गरजेच्या निम्मी मात्रा होती आणि साथीतील १० किलो ही जवळपास पूर्ण. साथीने सरकारला अपघातानेच योग्य आकडा सापडवून दिला होता. साथीबरोबर तोही सोडून देण्यात आला.

हा केवळ भुकेचा प्रश्न नाही, तो मजुरीचा प्रश्न आहे, हे कामगार चळवळीने ध्यानात घेतले पाहिजे. विडी वळणाऱ्या बाईला मजुरी हजार विड्यांमागे मिळते. दिवसाची म्हणून ठरलेली रक्कम तिला नाही. डब्यात पंधरा दिवसांचे धान्य असेल तर पडत्या दराला ‘नाही’ म्हणण्याचे थोडे तरी बळ तिला येते. डबा रिकामा असेल तर मिळेल त्या दराने आणखी दोन तास अधिक वळणे, एवढाच मार्ग उरतो. मग घरातली शाळकरी मुलगीही सुपाजवळ येऊन बसते. १९८२ च्या मुंबईच्या गिरणी संपात कामगार इतके दीर्घकाळ टिकून राहिले, त्यामागे गावाकडून आलेल्या धान्याचा मोठा आधार होता. रेशनमधील कपात ही मालकाची सही नसलेली मजुरीतील कपातच होय.

जे यादीत आहेत त्यांची ही कथा. जे यादीबाहेर आहेत त्यांची याहून बिकट. १९९७ पर्यंत रेशन तत्त्वतः सर्वांसाठी होते. त्या वर्षी दारिद्र्यरेषेच्या आधारे माणसांची वर्गवारी सुरू झाली. पुढे महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून अन्नसुरक्षा कायदा अमलात आला तेव्हा शहरी कुटुंबासाठी वार्षिक ५९,००० रुपये उत्पन्नाची मर्यादा घालण्यात आली. म्हणजे महिना पाच हजारांहूनही कमी. माग चालविणारा नवरा आणि विड्या वळणारी बायको या दोघांनी आपली खरी कमाई लिहून दिली, तर बहुधा ते त्या दिवशीच अपात्र ठरतील. प्रामाणिकपणे दुहेरी कष्ट केल्याची ही शिक्षा आहे. शिवाय राज्याचा कोटा २०११ च्या जनगणनेवर सुमारे ७ कोटी माणसांना बांधलेला. ग्रामीण भागात ७६.३२ टक्के लोक त्यात येतात, शहरी भागात ४५.३४ टक्केच. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. मधल्या काळात जन्मलेल्या मुलांना भूक लागली, परंतु कोट्यात त्यांची नोंद झाली नाही. ई-श्रम नोंदणी असलेल्या, पण कायद्याबाहेर राहिलेल्या सुमारे ८ कोटी श्रमिकांना कोट्याची सबब न सांगता शिधापत्रिका द्या, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२४ मध्ये पुन्हा बजावावे लागले, यातच सर्व आले.

यादीत नाव असूनही दुकानातील यंत्रापाशी अडणारे वेगळेच. वर्षानुवर्षे पान कातरून आणि तंबाखू भरून बोटांच्या रेषा झिजतात. यंत्राला अंगठा पटला नाही की बाईला उद्या या म्हणून सांगितले जाते, आणि उद्या येणे म्हणजे आणखी काही शेकडा विड्यांची मजुरी बुडणे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, मजुरीच्या मागणीपत्रात रेशनची मागणी घातली पाहिजे: माणशी १० किलो, आणि त्यात ज्वारी. मालदांडीच्या या जिल्ह्यात ज्वारी हे रोजचे अन्न आहे आणि भरड धान्याची तरतूद कायद्यातच आहे. दुसरी गोष्ट, उत्पन्नाची मर्यादा आणि जुना कोटा या दोहोंविरुद्ध यंत्रमाग कामगार, विडी कामगार आणि मोलकरणी यांनी एकत्र उभे राहिले पाहिजे. तिसरी गोष्ट रोजची आहे. कायद्याने दुकानपातळीपर्यंत दक्षता समित्या सांगितल्या आहेत. आपल्या वस्तीत ती समिती आहे काय, तिची बैठक कधी झाली, कोणाची नावे यादीतून गळाली, हे दर महिन्याला दुकानासमोर उभे राहून लिहून घेतले पाहिजे.

१९७२ च्या दुष्काळात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी मुंबईत लाटणी घेतलेल्या बायकांचे मोर्चे काढले, तेव्हा त्या बायकांनी कोणाची दया मागितली नव्हती. साखर, तेल आणि धान्याचा भाव त्यांना पाठ होता आणि त्याचा जाब त्या मागत होत्या. सोलापूरच्या विडी कामगार बाईला हजाराचा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही. ६० रुपये आणि ७५० रुपये यांतील अंतर तिच्यापुढे मांडण्याचे काम तेवढे कार्यकर्त्यांचे आहे.